तळच्या बाकावरून

(सिक्योनचा एक म्हातारा वल्हेकरी, भाच्याला)

ऑलिव्हच्या बिया अशा मांडू नकोस फरशीवर,
इतकं गोल नव्हतंच ते कधी.
शिवाय तू वरून बघतोयस.
वरून फक्त घारी बघत होत्या,
आणि त्यांना एवढंच कळत होतं
की ह्यातून खाण्याजोगं काहीतरी निघेल.

मी तळच्या बाकावर, डावीकडून नववा.
डोळ्यांसमोर वरच्या बाकावरच्या हेगेसांद्रोसची पोटरी,
पोटरीवरचा तीळ, तिळावरून ओघळणारा घाम
(आदल्या रात्री तो कांदे खाऊन आला होता, तेही कळत होतं).
कोपरापाशी वल्ह्याचं भोक, भोकाला चामड्याची बाही,
बाहीच्या फटीतून समुद्र:
अंगठ्याएवढा.
तेवढ्या समुद्रावर मी लढलो.

हुकूम आला, वर्तुळ धरा.
नाळ बाहेर, पिछाडी आत.
मधोमध पिठाच्या होड्या आणि पाच चपळ गलबतं,
फट पडेल तिथे धावायला.
विचार चांगला होता. मला अजूनही चांगला वाटतो.
ते तर आमच्या निम्मेही नव्हते.

पण वल्हेकरी नाळेकडे पाठ करून बसतो, हे लक्षात घे.
म्हणजे त्या वर्तुळात आम्ही हजारो माणसं
शत्रूला पाठ दाखवून
एकमेकांकडे तोंड करून बसलो होतो,
शेकोटीभोवती बसावं तसे.

ते भोवती फिरू लागले.
एकामागे एक, एका ओळीत,
इतक्या जवळून की त्यांच्या पाव्याचा सूर
आमच्या पाव्यात मिसळायचा,
आणि आमच्यातले दोघेतिघे चुकून त्यांच्या ठेक्यावर वल्हं मारायचे.
धडक देत नव्हते. नुसते घासून जात होते.
दर फेरीला आम्ही मागे सरायचो,
हातभर,
कधी वीतभर.
तसा हुकूम कुणी दिला नव्हता.
वर्तुळ आवळत गेलं
आणि दोर आमच्याच हातात होता.

ते कशाची वाट बघतायत
हे आमच्या गलबतावर एकट्या तिमाइनेतोसला उमगलं.
मासेमार, ह्याच आखातावर वाढलेला.
वल्हं थांबवून तो म्हणाला, "उजाडतंय."
तांडेलाने त्याच्या आईवरून शिवी घातली.
तो म्हणाला, "मतलई सुटेल आता."

सुटली.

आधी नुसता तळ हलला, पाळण्यासारखा.
मग शेजारच्या गलबताची पिछाडी आमच्या पिछाडीवर,
आमची कुणा तिसऱ्याच्या वल्ह्यांवर,
पिठाच्या होड्या मध्ये चेंगरून पांढऱ्या झालेल्या.
वरचे बल्ल्या घेऊन ढकलू लागले,
शत्रूला नव्हे, आपल्यांना.
"सांभाळ!" "दिसत नाही का?" "तुझ्या बापाचं पाणी आहे?"
कोरिंथवाले आम्हांला, आम्ही कोरिंथवाल्यांना.
मी तोवर शत्रूचं एक वल्हंही पाहिलं नव्हतं
आणि आमची सतरा मोडली होती.
त्या गलक्यात तांडेलाचा आवाज बुडाला.
तांडेल नंतर.

आणि तेव्हा ते वळले,
सगळे एकदम, म्हणतात.
मला कुठलं दिसायला?
खोटं नाही सांगत, धडक बसली तेव्हा हायसं वाटलं,
निदान ती बाहेरून आली होती.
फळी फुटली, पाणी आलं, उजेड आला,
आणि नाळ तुटलेल्या पोरासारखा मी बाहेर पडलो,
ओला, बोंबलत.

पहिल्यांदा अख्खा समुद्र दिसला. फार मोठा होता.
एका तुटक्या फळीला धरून एक माणूस तरंगत होता,
चपटं नाक, विरळ दाढी, कधी न पाहिलेला.
लाटेने त्याचा पाय वर आला तेव्हा
तिळावरून ओळखला.
अख्खा उन्हाळा त्याच्या मागे काढला होता मी.

कसं जिंकता आलं असतं, हे मला काय विचारतोस?
वर बसले होते त्यांना विचार,
त्यातले कुणी उरले असतील तर.
त्या बिया उचल आता. अंधारात पायाखाली येतात.